गळ्यातलं देवघर

बौद्धनाथच्या स्तूपाभोवती दागिन्यांच्या दुकानांचं एक पुरं कडं आहे. स्तूपाला उजवी घालत चालणाऱ्या माणसांच्या ओघातून जरा बाजूला झालं की काचेमागची चांदी, पिरोजे आणि पोवळी डोळ्यांत भरतात. काठमांडूच्या त्या मुक्कामात मी एका अरुंद दुकानात शिरले आणि तळहाताएवढी एक चौकोनी चांदीची डबी हातात घेतली. झाकणाच्या मधोमध पिरोजा, भोवती बारीक तारकाम, वर दोरी ओवायला नळी. गल्ल्यामागे बसलेल्या वयस्कर तिबेटी बाईंना आजूबाजूचे सगळे आमा-ला म्हणत होते. त्यांनी किंमत सांगितली नाही, चांदीचा कसही सांगितला नाही. हिंदीत एवढंच म्हणाल्या, "हा रिकामा आहे."

या डबीला गाऊ म्हणतात. आपल्याकडे ताईत ज्या कामासाठी गळ्यात येतो त्याच कामासाठी तिबेटी गळ्यात गाऊ येतो, पण त्याचा पसारा मोठा आहे. आत ठशांनी छापलेल्या मंत्रांचे घडी केलेले कागद असतात, लामांनी गाठ मारून दिलेला दोरा असतो, अभिषेकाचे चार दाणे असतात, एखाद्या गुरूच्या वस्त्राचा तुकडा असतो, कधी मातीची चिमुकली मूर्ती असते. आमा-लांच्या स्वतःच्या गळ्यात, चुबाच्या म्हणजे तिबेटी झग्याच्या आत, एक जुना गाऊ होता. तो त्यांनी मला बाहेरून दाखवला, उघडला मात्र नाही. आत काय काय आहे ते मात्र एकेक करून सांगितलं, घरातल्या माणसांची नावं सांगावीत तसं. नक्षी पुढच्या बाजूला असते आणि झाकण मागून, शरीराकडून उघडतं, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे जगाला दिसते ती चांदी, आणि छातीला टेकते ती आतली वस्तू.

पुरुषांचे गाऊ वेगळे. ते देवळाच्या आकाराचे, वर कमान, पुढे छोटी खिडकी आणि खिडकीतून दिसणारी देवतेची मूर्ती. खिंडी ओलांडणारे व्यापारी आणि यात्रेकरू ते पट्ट्याने खांद्यावरून तिरके अडकवत आणि मुक्कामाला पोचले की उतरवून उंच जागी मांडून पुढे दिवा लावत. वाट लांब, वस्ती विरळ, लुटारूंची भीती रोजची. अशा प्रदेशात देव घरी ठेवून निघणं कुणाला परवडणार? ल्हासाच्या बायकांचे गाऊ दोन चौकोन एकमेकांत तिरके बसवून केलेल्या आठ टोकांच्या ताऱ्यासारखे असत. चौकोनावर चौकोन बसवलेला तो आकार मंडलाची आठवण करून देतो. देवतेचा प्रासाद, चार दिशा, मधे एक मणी. बौद्ध चित्रांत भिंतभर पसरणारी रचना तिथे चार बोटांत मावलेली असते.

स्तूपासमोरच्या कट्ट्यावर बसून माणसं पाहताना माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. ज्या धर्माचा आरंभच एका राजपुत्राने अंगावरचे दागिने उतरवून ठेवण्यापासून होतो, त्या धर्माच्या माणसांच्या अंगावर इतके दागिने कसे? बुद्धमूर्तीचे कान लांब असतात. जड कुंडलांनी पाळ्या ओघळल्या, कुंडलं गेली आणि ओघळलेले कान तेवढे राहिले, असं परंपरा सांगते. म्हणजे बुद्धाच्या मूर्तीत दागिना त्याच्या अभावाने दिसतो. उत्तर शोधायला मला मात्र मनाने अजिंठ्याला जावं लागलं. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवून पाहा. डोक्यावर उंच मुकुट, गळ्यात मोत्यांचा आणि नीलमण्याचा हार, दंडावर बाजूबंद, हातात कमळ, डोळे खाली झुकलेले. तो बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आहे. इतरांचं दुःख सरेपर्यंत या जगातच राहीन, हा त्याचा संकल्प. जगात राहणाऱ्याने जगाचा वेष घेतला आहे. हाच अवलोकितेश्वर तिबेटात चेनरेझिग झाला, दलाई लामा त्याचे अवतार मानले गेले, त्याच्या पोतलक पर्वतावरून ल्हासाच्या पोताला राजवाड्याला नाव मिळालं आणि 'ओम् मणि पद्मे हूं' हा त्याचा षडक्षरी मंत्र दगडांवर, चाकांवर, अंगठ्यांवर उमटला. अंगठ्यांवर तो बहुधा रंजना लिपीत असतो. ही नेपाळ खोऱ्यातली लिपी, तिबेटी लोक तिला लांत्सा म्हणतात. बोधिसत्त्वाची मूर्ती घडवताना अलंकार हा त्याच्या गुणांचा भाग म्हणून घडवतात. तिबेटी दागिन्याकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागले.

दागिन्यातल्या खड्यांची कथा चिन्हांहून जुनी आहे. पिरोजाच घ्या. माणसाच्या अंगात प्राणाखेरीज एक जीवशक्ती असते, भीतीने किंवा आजाराने ती भरकटते, आणि तिला टेकायला एखादी वस्तू लागते, ही समजूत बौद्ध धर्म सातव्या शतकात तिबेटात पोचला त्याच्याही आधीची. पिरोजा ही ती टेकण्याची जागा. लहान मुलाच्या गळ्यात, स्त्रीच्या केसांत, पुरुषाच्या कानात एक तरी पिरोजा असायचाच. हा दगड सच्छिद्र असतो, त्वचेवरचं तेल शोषतो, आणि वर्षानुवर्षं अंगावर राहिला की निळ्याचा हिरवा होतो. तिबेटी माणूस या बदलाकडे घालणाऱ्याच्या प्रकृतीची खूण म्हणून पाहतो. आमा-लांच्या कानातले पिरोजे पार शेवाळी झाले होते. "हे माझ्याबरोबर म्हातारे झाले," त्या म्हणाल्या.

पोवळं हे त्याहून मोठं नवल. सरासरी साडेचार हजार मीटर उंचीच्या, चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या पठारावर समुद्राच्या तळातली वस्तू सर्वांत मोलाची ठरावी! ही पोवळी भूमध्य समुद्रातून येत, बंदरं, काफिले आणि खिंडी पार करत. तिबेटात पोवळ्याला केवढी किंमत आहे आणि बायकांच्या गळ्यात व मूर्तींच्या गळ्यात ते कसं घालतात, हे तेराव्या शतकात मार्को पोलोनेही नोंदवून ठेवलं आहे. माणसांच्या आणि देवांच्या गळ्यात एकच वस्तू, हे त्या परदेशी माणसाच्या बरोबर ध्यानात आलं. आपल्याकडे पोवळं मंगळासाठी अंगठीत बसतं. तिकडे त्याचा लाल रंग अमिताभ बुद्धाच्या रंगाशी जुळतो, आणि अवलोकितेश्वर त्याच अमिताभाच्या पद्मकुळातला. पिवळा तृणमणी, लाल पोवळं, निळा पिरोजा, या तिघांची ओळ गळ्यात आली की तिबेटी हार पुरा होतो.

आणि मग झी. गडद तपकिरी अकीकाचा लांबट मणी, त्यावर पांढऱ्या रेघा आणि वर्तुळं. वर्तुळाला डोळा म्हणतात, आणि नऊ डोळ्यांच्या झीचं मोल सर्वांत जास्त. हे मणी घडवलेले नाहीत, आकाशातून पडले किंवा मुळात किडे होते आणि माणसाचा हात लागताच दगड झाले, असं तिबेटात मानतात. झीची पूड तिबेटी औषधांतही जाते. अभ्यासकांच्या मते दगडावर क्षाराने आकृती काढून तो भाजला की अशा पांढऱ्या रेघा कायमच्या उमटतात. लालसर अकीकावर अशीच नक्षी सिंधू संस्कृतीतले कारागीर काढत होते. आमा-लांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असेल. पण वाईट नजर आली की हा मणी स्वतः तडकतो आणि माणसाला वाचवतो. ते कोणता क्षार करतो?" त्यांच्या हारातला एक झी मधोमध तडकलेला होता. तो कधी तडकला हे त्यांनी सांगितलं, पण ती त्यांच्या घरची गोष्ट आहे, इथे लिहिण्याची नाही.

बौद्ध चिन्हं म्हटली की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे अष्टमंगलं येतात. छत्र, सुवर्णमत्स्यांची जोडी, कलश, कमळ, शंख, अनंत गाठ, विजयध्वज आणि चक्र. दुकानादुकानांत ती आठही एका पदकात दाटीवाटीने बसवलेली मिळतात, आणि खरं सांगायचं तर अशा पदकांत एकही चिन्ह धड बोलत नाही. जुन्या दागिन्यात बहुधा एक किंवा दोनच असतात, आणि त्यांना श्वास घ्यायला जागा असते. बायकांच्या छातीवर लोंबणाऱ्या चांदीच्या एका जुन्या पदकात मी फक्त मासे पाहिले. तोंडाला तोंड लावून वर उसळलेले दोन मासे. हे मूळचे गंगा आणि यमुना. तिबेटच्या पठारावर बहुतेक लोक मासे खातही नाहीत. तिथल्या बाईच्या छातीवर उत्तर हिंदुस्थानातल्या दोन नद्या रुळत होत्या. पाण्यात बुडण्याची भीती नसलेला जीव तो मासा, म्हणून संसारसागरात निर्भय विहरणाऱ्या मनाची ती खूण. योगमार्गाने जाणारे त्याच दोन नद्यांना देहातल्या दोन नाड्या समजतात.

अनंत गाठीवर मात्र माझा जीव जडला. एकच रेघ निघते, स्वतःलाच वरून-खालून ओलांडते आणि निघाली तिथेच येऊन मिळते. सुरुवात बोटाने दाखवता येत नाही. एका गोष्टीमुळे दुसरी, दुसरीमुळे तिसरी, कोणतीच एकटी नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा अवघड विचार त्या चिन्हात आहे. प्रज्ञा आणि करुणा एकमेकींत गुंतलेल्या आहेत असाही अर्थ लामा सांगतात. संस्कृत ग्रंथांत या चिन्हाचं नाव श्रीवत्स आहे. पंढरीच्या विठोबाच्या छातीवरचं श्रीवत्सलांछन आपण ऐकत मोठे झालो, आणि जैनांच्या अष्टमंगलांतही श्रीवत्स आहेच. रूपं निराळी, कुळ एक. सांचीच्या तोरणावर मंगलचिन्हं ओवलेल्या माळा कोरलेल्या आहेत. आपल्या जुन्नरच्या लेण्यांत शिलालेखांच्या कडेला स्वस्तिक आणि नंदीपद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथला दाता दान देताना जी खूण दगडावर काढत होता, तिच्या बहिणी हिमालयापलीकडे चांदीत टिकल्या.

त्या चांदीला हात कुणाचे लागले, हे पाहायला मी बागमती ओलांडून पाटणला गेले. ओकुबहालच्या गल्ल्यांत सकाळपासून हातोडीचा नाद असतो. इथले शाक्य कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तिबेटसाठी काम करत आले. 1260 साली याच खोऱ्यातला अरनिको नावाचा तरुण कारागिरांची तुकडी घेऊन तिबेटात साक्यच्या मठात सोन्याचा स्तूप घडवायला गेला आणि तिथून थेट कुब्लाईखानाच्या दरबारात पोचला. पुढे शेकडो वर्षं या खोऱ्यातले नेवार व्यापारी आणि सोनार ल्हासात राहत होते. त्यांच्यातल्या कितीतरींची घरं जोखांग मंदिराभोवतीच्या बारखोर रस्त्यावरच होती. म्हणजे आपण ज्याला तिबेटी दागिना म्हणतो, त्यातला बराचसा नेवारांच्या हातांतून उतरला आहे. यात तिबेटचं काही कमी होत नाही. मागणी, खडे, श्रद्धा आणि घाट तिबेटचे, हात पाटणचे.

ज्या दाइंच्या, म्हणजे नेपाळीत थोरल्या भावाच्या, कारखान्यात मी बसले, ते राळेच्या थरावर चांदीचा पत्रा बसवून मागून ठोकत होते. राळ मऊ असते, ती पत्र्याला वाकू देते आणि फाटू देत नाही. मग पत्रा उलटवून पुढून बोथट छिन्नीने रेषा बसवायच्या. त्यांच्या हाताखाली एक चेहरा उमलत होता. विस्फारलेले डोळे, शिंगं, वरचा जबडा, आणि तोंडातून लोंबणाऱ्या मोत्यांच्या सरी. नेवार त्याला छेपु म्हणतात. मी म्हटलं, दाइ, हा आमच्याकडे देवळाच्या उंबरठ्यावर असतो, कीर्तिमुख म्हणतात. ते हसले. शंकराने राहूला खायला निर्माण केलेला, मग भूक भागेना म्हणून स्वतःचंच धड खाऊन बसलेला, फक्त तोंड उरलेला हा गण. त्यांनाही ती कथा ठाऊक होती. तिबेटी दागिन्यात हाच चेहरा साखळीच्या कडीपाशी, गाऊच्या माथ्यावर, कमरेच्या पट्ट्यावर येतो. सगळं गिळणारा काळ, आणि त्याच्या जबड्यातून लोंबणारी रत्नं. घालणाऱ्याला रोज आरशात हे दिसावं, असं ज्यांना वाटलं त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

त्या दाइंनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझा कट्ट्यावरचा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहिला. शाक्य मुलाला लहानपणी बहालात, म्हणजे विहारात, नेऊन त्याचं मुंडण करतात, चीवर देतात, आणि तो चार दिवस भिक्षू होतो. भिक्षा मागतो, नियम पाळतो. चौथ्या दिवशी चीवर परत करून गृहस्थ म्हणून घरी येतो. मगच त्याला बहालाचा सदस्य होण्याचा आणि पूजेचा अधिकार मिळतो. जगाला मुकुट आणि कुंडलं घडवून देणारी ही माणसं आधी सगळं उतरवून बसलेली असतात. दाइंना ते चार दिवस नीट आठवत होते. अंगावर गार वाटलं होतं, म्हणाले.

हा सारा व्यवहार आमच्या आधीच्या पिढीच्या डोळ्यांदेखत तुटला. 1959 मध्ये दलाई लामांनी तिबेट सोडलं, मागोमाग हजारो माणसं खिंडी ओलांडून आली. 1962 च्या युद्धानंतर कालिम्पोंगमार्गे चालणारा व्यापारही बंद पडला. त्याआधीच्या ल्हासात दागिना माणसाचा हुद्दा सांगायचा. सरकारी अधिकाऱ्याच्या डाव्या कानात लांब पिरोजी लोलक असे, वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या डोक्यावर केसांच्या गाठीत छोटा गाऊ असे. मानकरी घरातल्या बायका पोवळ्या-पिरोजांनी मढवलेली पाट्रुक नावाची चौकट डोक्यावर घालत. सीमेच्या अलीकडे आल्यावर हुद्देही गेले आणि पोटासाठी दागिनेही. पोवळ्याच्या एकेका मण्यावर पीठ आणि औषधं आली.

आमा-ला तेव्हा लहान होत्या. त्यांच्या आईने गाऊ विकला. पण विकण्याआधी तो मागून उघडला, आतलं सगळं काढून लोकरीच्या चिंधीत बांधलं आणि कमरेला खोचलं. घेणाऱ्याला आतल्या वस्तूंशी कर्तव्य नव्हतं, त्याला चांदी हवी होती. पुढे बरीच वर्षं त्या चिंधीलाच घरात गाऊ म्हणत होते. दिवस पालटल्यावर नवी डबी घडवून घेतली आणि चिंधीतलं त्यात गेलं. त्यांच्या गळ्यातला तो हाच. जगातल्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेले सुंदर, रिकामे गाऊ मी याआधी पाहिले होते. आता ते आठवले की त्यांच्या आतल्या वस्तू कुठल्या चिंध्यांत गेल्या असतील, हे मनात आल्यावाचून राहत नाही. त्या दुकानातली रिकामी डबी मी विकत घेतली नाही. तिच्यात काय ठेवायचं हे मला कुणी गुरूने सांगितलेलं नव्हतं, आणि नुसती नक्षी म्हणून ती गळ्यात घालणं मला रुचेना.

आता बाजारात राळेचा तृणमणी, काचेचं पोवळं, रंगवलेला पिरोजा आणि यंत्रावर डोळे उमटवलेले झी ढिगाने आहेत. गरिबाच्या गळ्यातल्या काचेच्या पोवळ्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. श्रद्धा त्यालाही पुरते. मला टोचतं ते वेगळंच. कालचक्राचं दहा शक्तींचं चिन्ह घ्या. एकावर एक रचलेली सात बीजाक्षरं, वर चंद्रकोर, बिंब आणि ज्योत, मिळून दहा. विश्वाची रचना आणि माणसाच्या देहाची रचना एकच आहे, हे एका आकृतीत सांगणारं हे चिन्ह. ते किल्ल्यांच्या जुडग्याला आणि कमरेखालच्या पट्ट्याला लावलेलं पाहिलं. तिबेटी माणूस छापील मंत्राचा कागद जमिनीवर ठेवत नाही, ओलांडत नाही. विकणाऱ्याला हे माहीत असतं, घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

निघायच्या आदल्या दिवशी मी आमा-लांचा निरोप घ्यायला गेले. मी महाराष्ट्रातली हे त्यांना ठाऊक होतं, आणि गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावची नोर्ग्येलिंग वसाहतही. तिथे त्यांच्या नात्यातलं घर आहे, हिवाळ्यात ते लोक नागपूरकडे स्वेटर विकायला जातात. त्यांच्यासाठी एक निरोप माझ्याबरोबर द्यायचा का, यावर आमचं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात एक उतारवयाच्या बाई आल्या आणि त्यांनी जपमाळ गल्ल्यावर ठेवली. 108 मण्यांची माळ, तिला कातडी दोरीवर ओवलेले चांदीच्या कड्यांचे दोन सर, दहा-दहा कड्यांचे. एकाच्या टोकाला वज्र, दुसऱ्याच्या टोकाला घंटा. वज्र म्हणजे उपाय आणि करुणा, घंटा म्हणजे प्रज्ञा, हे पुस्तकात वाचलेलं. इथे ती दोन्ही हिशेबाला बांधलेली होती. माळेचा एक फेरा झाला की पहिल्या सरातलं एक कडं सरकवायचं. फेरा 108 चा, पण मोजायचा 100 च, वरचे आठ चुकलेल्यांसाठी. दहा कडी सरकली की दुसऱ्या सरातलं एक. तीही दहा झाली की 10,000 जप झाला, आणि मग माळेलाच अडकवलेली चाकाच्या आकाराची छोटी चांदीची चिमटी एक मणी पुढे न्यायची. दीक्षेआधीच्या साधनेत एकेक मंत्र लाख-लाख वेळा म्हणायचा असतो, त्यासाठी ही सोय.

बाईंच्या घंटेच्या सरातलं एक कडं कुठेतरी पडलं होतं. नऊ कड्यांवर त्या किती तरी दिवस जप करत होत्या आणि दहावं मनात धरत होत्या. आमा-लांनी सुट्या भागांच्या पेटीतून तशाच घेराचं जुनं कडं शोधलं, दोरी सोडवली, कडं ओवलं, पुन्हा गाठ मारली. हे सगळं होईपर्यंत बाईंनी वज्राच्या सरावर अंगठा घट्ट दाबून धरला होता, सरकलेली कडी मागे येऊ नयेत म्हणून. मग दोघींनी मिळून मोठ्याने हिशेब केला, बोटं मोडत, एकमेकींना दुरुस्त करत. मनात धरलेला जप बेरजेत आला. आमा-लांनी चिमटी दोन मणी पुढे सरकवली, बाईंनी ती पुन्हा तपासली, आणि मग कड्याची किंमत किती यावरून दोघींची घासाघीस सुरू झाली.